92 टक्क्यांचं मॉडेल नव्या औषधावर का आपटतं

तुमची पोस्ट वाचली. दुखणं ओळखीचं आहे: रत्नागिरीत एम.फार्म.चा प्रोजेक्ट, प्राण्यांवरच्या विषारीपणाच्या (टॉक्स) डेटावरून माणसाच्या यकृताला धोका सांगणारं रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांचं मशीन लर्निंग मॉडेल), टेस्टवर 92 टक्के, आणि गाईडनी दिलेल्या नव्या औषधांवर सपशेल आडवं. फिंगरप्रिंट (रेणूची रचना आकड्यांत मांडणं) वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडतो.

मॉडेल बदलू नका. घोळ स्प्लिटमध्ये आहे, म्हणजे डेटा शिकवायला (ट्रेन) आणि तपासायला (टेस्ट) वाटण्यात. तुमच्या टेबलात एकेका औषधाच्या कितीतरी ओळी आहेत, दर प्राण्याची आणि दर डोसची वेगळी. ओळी रँडम वाटल्या की तेच औषध ट्रेनमध्ये आणि टेस्टमध्येही. एकाच कलमाचे आंबे दोन पेट्यांत भरायचे आणि एक चाखून दुसरीची गोडी सांगायची, त्यातली गत. आधी सॉल्ट काढा: डायक्लोफेनॅक सोडियम आणि पोटॅशियम, नावं दोन, औषध एकच. आरडीकिटमध्ये (रेणूंवर काम करणारं सॉफ्टवेअर) चार्ज न्यूट्रल करून इंची-की (रेणूच्या रचनेवरून बनणारा कोड) काढा, तिची पहिली 14 अक्षरं म्हणजे ग्रुप, आणि ग्रुपकेफोल्ड लावा, म्हणजे एक ग्रुप ट्रेन आणि टेस्टमध्ये विभागला जात नाही. स्टिरिओआयसोमर (जोडणी तीच, फक्त अवकाशातली मांडणी वेगळी असलेले रेणू) एकत्र येतात, इथे तेच हवंय. मग स्कॅफोल्ड स्प्लिटही (रेणूच्या मूळ सांगाड्यानुसार वाटणी) करून बघा. आकडा धाडकन उतरेल. उतरू दे.

शिवाय शंभरात नव्वद औषधं 'सुरक्षित' असतील तर डोळे मिटून 'सुरक्षित' म्हणणाराही 90 टक्के मिळवतो. एमसीसी द्या (दोन्ही वर्ग लक्षात घेणारा गुण). आणि साध्या नियमाशी तुलना करा: रोजचा डोस 100 मिग्रॅ किंवा जास्त आणि लॉगपी (औषध तेलात किती विरघळतं त्याचं माप) 3 किंवा जास्त, की धोका. त्याला हरवता येत नसेल तर पेपर लिहू नका.

आता डोस. डेटा देणारी एक कचेरी (नाव नको) प्राण्याच्या रकान्यात नुसतं 'रोडंट' लिहून देते, माऊस (लहान उंदीर) की रॅट (मोठा) ते कळत नाही, विचारलं तर 'फॉरमॅट तसाच आहे'. माऊसचा डोस माणसासाठी 12.3 ने भागतात, रॅटचा 6.2 ने. म्हणजे 50 मिग्रॅ/किग्रॅ हे 60 किलोच्या माणसाला एकीकडे 244 मिग्रॅ, दुसरीकडे 484. अशा ओळी सरळ फेकून द्या, अंदाजाने भरू नका. जमलं तर डोसऐवजी रक्तातलं सीमॅक्स (औषधाची सर्वोच्च पातळी) आणि एयूसी (वेळेनुसार एकूण मात्रा) घ्या.

'प्राण्यांवरून 71 टक्के कळतं' हे वाक्यही प्रस्तावनेतून काढा. हा आकडा ज्यातून येतो त्या 2000 सालच्या 150 संयुगांच्या अभ्यासात माणसात त्रास दिलेलीच संयुगं होती. खोटे इशारे किती, हे त्यातून कळतच नाही. तुमच्या डेटात उलटी खोट: प्राण्यांत नापास झालेलं बहुतेक माणसापर्यंत पोचतच नाही, त्याला लेबल (माणसात धोका आहे की नाही याचं उत्तर) कुठून येणार?

फियालुरिडिन (हिपॅटायटिस बी साठी तपासलेलं औषध) मुद्दाम बाजूला ठेवून तपासा. 1993 च्या चाचणीत 15 पैकी 5 रुग्ण दगावले, प्राण्यांत तसं काही दिसलं नव्हतं. माणसाच्या मायटोकाँड्रियात (पेशीची ऊर्जाकेंद्रं) ते ईएनटी1 नावाच्या वाहक प्रथिनातून शिरतं, माऊसच्या मायटोकाँड्रियात हा वाहक नाही. फिंगरप्रिंटला हे कळणार नाही. मानवी पेशींवरच्या मायटोकाँड्रिया आणि बीसेप (यकृतपेशीतून पित्तक्षार बाहेर टाकणारा वाहक) चाचण्यांचे रकाने जोडा.

पावसात लाईटचा भरवसा नाही, दर फोल्डचा (वाटणीच्या दर फेरीचा) निकाल लगेच फाईलमध्ये लिहा. जीपीयू नकोच, काहीशे औषधांना जुना लॅपटॉप पुरतो.

मी नियामक सल्लागार नाही, पण शीर्षकात 'प्राण्यांना पर्याय' लिहू नका. 'पुढच्या चाचण्यांचा क्रम ठरवण्यासाठी' लिहा, व्हायव्हात कमी सोलतील.