लेसरने मोतीबिंदू काढून पाच दिवस झाले, तरी आईला धूसरच दिसतंय. काही चुकलं असेल का?

तुम्ही लिहिलंय की आई ७२ वर्षांच्या आहेत, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन आज पाचवा दिवस. दुखत नाही, पण धुक्यातून पाहिल्यासारखं दिसतं, खुपतं, पाणी येतं. शेजारच्या काकांना दुसऱ्याच दिवशी भिंतीवरचं कॅलेंडर वाचता आलं, आणि तुम्ही लेसरसाठी जास्तीचे पैसे भरूनही आईंना तसं का नाही, हा तुमचा प्रश्न. शिवाय आई विचारतायत, स्वयंपाकघरात कधी जाऊ.

मी डॉक्टर नाही. बडोद्यात दांडिया बाजारात चाळीस वर्षं ब्लाउज शिवते. तीन वर्षांपूर्वी माझे दोन्ही डोळे झाले, आणि दोन्हींचं बरं होणं इतकं वेगवेगळं होतं की तुमचा प्रश्न वाचून लिहायला बसलेच.

पण आधी एक. आईंचं दुखणं वाढत असेल, डोळा कालच्यापेक्षा जास्त लाल असेल, पापण्या सुजल्या असतील, चिकट घाण येत असेल किंवा दिसायला लागलेलं पुन्हा कमी झालं असेल, तर पुढे वाचत बसू नका, आत्ता दवाखान्यात फोन करा. डोळ्यासमोर विजा चमकणं, अचानक काळ्या ठिपक्यांचा सडा पडणं, एका बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटणं, हेही त्यातच धरा. आत जंतुसंसर्ग होणं किंवा डोळ्याचा मागचा पडदा, म्हणजे रेटिना, सुटणं क्वचित घडतं, पण घडलं तर उद्या सकाळी बघू म्हणायची सोय नसते.

यातलं काही नसेल आणि रोज तसूभर का होईना बरं वाटत असेल, तर पाचव्या दिवसाचं धूसरपण हे बहुतेक वेळा डोळ्याच्या पुढच्या काचेची, म्हणजे कॉर्नियाची सूज असते. तरी पुढच्या तपासणीला "कॉर्नियाला सूज आहे का, डोळ्याचं प्रेशर किती आहे?" असं स्पष्ट विचारून घ्या.

ही सूज कशाने येते ते मला माझ्या पहिल्या डोळ्याने शिकवलं. माझा मोतीबिंदू फार जुना झाला होता. झालं असं, की साठीनंतर मला अचानक चष्म्याशिवाय सुई ओवता यायला लागली. मी खूश, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. खरं तर आतलं भिंग कडक होत चाललं होतं, त्यामुळे जवळचा नंबर तेवढा तात्पुरता सुधारला होता. मग एक बाई काळा ब्लाउज घेऊन परत आल्या. "मावशी, काळ्याला निळा दोरा लावलात." मी ब्लाउज ट्यूबलाइटखाली धरला, मग ओट्यावर उन्हात नेला. मला दोरा काळाच दिसत होता. त्या बाई ओरडल्या नाहीत, उलट माझ्याकडे काळजीने बघत राहिल्या. त्यांच्या त्या बघण्यानेच मी तपासायला गेले.

गेले, पण ऑपरेशन काही केलं नाही. नवरात्र तोंडावर होतं, चणिया-चोळ्यांचा ढीग पडलेला. मग दिवाळी, मग लग्नसराई. गिऱ्हाइकांतल्या गुजराती बायका म्हणायच्या, "मोतियो पाकवा दो", आपल्याकडेही मोतीबिंदू पिकू द्या म्हणतातच. पूर्वी ते बरोबर असेल. आता भिंग आत फोडून ओढून घेतात, त्यामुळे ते जितकं पिकलेलं, जितकं कडक, तितकी ते फोडायला जास्त ताकद लागते, आणि त्याचा त्रास कॉर्नियाच्या आतल्या बाजूच्या नाजूक पेशींना होतो. कॉर्नियातलं पाणी उपसून तो स्वच्छ ठेवायचं काम त्याच पेशींचं. त्या दमल्या की काच फुगते, धूसर होते. शेवटी कमुर्ता, म्हणजे आपला धनुर्मास, लागल्यावर, लग्नं थांबली आणि हाताला काम उरलं नाही, तेव्हा डिसेंबरात मी टेबलावर झोपले.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा ताकाच्या निवळीतून बघितल्यासारखं दिसलं. घरी येऊन मी रडले, आणि सून म्हणाली, रडू नका, डोळ्याला त्रास होईल, तर अजूनच रडू आलं. चौथ्या दिवशी खिडकीचे गज सरळ दिसले. आठव्या दिवशी समोरच्या दुकानाची पाटी. बसचा नंबर लांबून वाचायला तीन आठवडे लागले. फेब्रुवारीत दुसरा डोळा केला, त्यातलं भिंग अजून मऊ होतं. तेच डॉक्टर, तेच मशीन. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी समोरच्या इमारतीवर वाळत घातलेल्या साडीची किनार सांगितली. माझ्याच दोन डोळ्यांत एवढा फरक, तर आईंची शेजारच्या काकांशी तुलना कशी होणार?

आता लेसरबद्दल. मी आधी एका दवाखान्यात चौकशी केली होती, तिथल्या काउन्सेलर मुलीने पॅकेजचा तक्ता पुढे ठेवला आणि म्हणाली, लेसर केलं की लगेच स्पष्ट दिसतं. ते वाक्य मला आजही खटकतं, कारण माणूस त्यावर भरवसा ठेवून पैसे भरतो आणि पाचव्या दिवशी घाबरतो. ज्यांनी माझं ऑपरेशन केलं त्यांनी नीट समजावलं. लोक ज्याला लेसर म्हणतात ते बहुतेक वेळा फेको असतं, म्हणजे ध्वनिलहरींनी भिंग फोडणं. ते तंत्र अमेरिकेत डॉक्टर केलमन यांनी १९६७ मध्ये आणलं, त्यात लेसर मुळीच नाही. मोतीबिंदू काढतानाचा खरा लेसर म्हणजे फेम्टोसेकंद. तो मोतीबिंदूसाठी पहिल्यांदा २००८ मध्ये बुडापेस्टला वापरला गेला. तो काय करतो हे मला माझ्या भाषेत सांगता येईल. भिंग एका पातळ पिशवीत असतं. त्या पिशवीला पुढून गोल गळा कापायचा असतो, मागच्या बाजूला धक्का न लावता. कसलेला सर्जन तो हाताने कापतो, लेसर मोजून कापतो. लेसर भिंगाला चिराही पाडतो. पण तुकडे बाहेर काढायला पुढे ध्वनिलहरी आणि ओढणारी नळी लागतेच. फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये दोन्ही पद्धतींची मोठी तुलना झाली, आणि शेवटच्या नजरेत सांगण्यासारखा फरक निघाला नाही. त्यामुळे तुमचे पैसे वाया गेले असं मी म्हणत नाही, पण सूज उतरायला लागायचा तो वेळ लेसर झालेल्या डोळ्यालाही लागतो. डिस्चार्जच्या कागदावर फेम्टो लिहिलंय का एवढं बघून ठेवा.

मला तर सगळ्यात नवल वाटतं ते छेदाचं. जेमतेम अडीच मिलिमीटरचा, आणि एरवी एकही टाका नाही. कडा अशा तिरक्या कापतात की आतल्या दाबाने त्या आपोआप मिटतात. नवं भिंग गुंडाळून आत घालतात, ते पिशवीत जाऊन उलगडतं. डोळ्यात कृत्रिम भिंग पहिल्यांदा लंडनला डॉक्टर रिडली यांनी बसवलं १९४९ मध्ये, ज्या साली आमचं सयाजीराव विद्यापीठ सुरू झालं. युद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या काचेचे प्लास्टिकचे कण राहूनही डोळा चिडला नाही, हे बघून त्यांना ते सुचलं.

टाका नसल्यामुळेच डोळा जपायचा. चोळायचा नाही, पाणी जाऊ द्यायचं नाही, रात्री प्लास्टिकची वाटी लावून झोपायचं. आणि थेंब! माझा पहिला डोळा थेंबांनीच पुन्हा बिघडला होता. कागद इंग्रजीत, घाईत समजावलेला. अकराव्या दिवशी स्टिरॉइडची बाटली संपली, मला वाटलं औषध संपलं, मी बंद केलं. दोन दिवसांत डोळा लाल, उजेड सोसवेना. स्टिरॉइडचे थेंब एकदम तोडायचे नसतात, दिवसाला सहा, मग चार, मग तीन असे उतरवत न्यायचे असतात. मला ते सहा आठवडे चालले. सुनेने मग जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मराठीत तक्ता काढला, बाटलीच्या टोपणाचा रंग लिहून, आणि प्रत्येक थेंबाला बरोबरची खूण. तुम्हीही आईंसाठी असा तक्ता करा. दोन वेगळ्या थेंबांत पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन टाकतो. बाटलीचं टोक पापणीला लावू नका.

खुपणं, वाळू गेल्यासारखं वाटणं, हे मला दोनेक महिने होतं. डोळा कोरडा पडतो म्हणून तसं होतं. डॉक्टरांना सांगितलंत तर अश्रूंसारखे थेंब देतात. रात्री दिव्यांभोवती किरणं दिसायची. सूरसागरच्या काठी गेले तर मधल्या महादेवाच्या सोनेरी मूर्तीतून भाले निघाल्यासारखे दिसायचे. तेही हळूहळू ओसरलं.

आईंना मधुमेह आहे का, तुम्ही लिहिलं नाहीत. असेल तर मागच्या पडद्याची तपासणी चुकवू नका. नजर छान आल्यावर महिना-दीड महिन्याने मधोमध पुन्हा धूसर होऊ लागलं, तर पडद्याला सूज असू शकते. तिला औषध आहे, पण ती ओळखायला हवी.

दिसण्यातली सुधारणा आईंना बहुधा रंगांत आधी जाणवेल, म्हणून तेही सांगते. पहिला डोळा निवळला आणि दुसरा अजून व्हायचा होता, तेव्हा मी अस्तराचं पांढरं कापड मांडीवर घेऊन एकेक डोळा झाकून बघायची. जुन्या डोळ्याने ते चहात बुडवून वाळवल्यासारखं, नव्याने पांढरंशुभ्र, थोडी नीळ जास्त झाल्यासारखं. पिकलेलं भिंग पिवळं-तपकिरी होतं आणि निळा उजेड अडवतं, म्हणून. मग मी दोऱ्यांचा डबा उघडला. चिंतामणी रंगाची रिळं मी मोरपंखीच्या कप्प्यात टाकली होती. गुलबक्षी आणि राणी एकत्र. काळ्याच्या कप्प्यातली सात रिळं गडद निळी निघाली. त्या बाईंचा ब्लाउज मी उसवून काळ्या दोऱ्याने पुन्हा शिवून दिला. उत्तरायणाला गच्चीवर गॉगल लावून बसले होते, पतंगांपेक्षा आभाळच बघत होते. इतकं निळं असतं हे मी विसरूनच गेले होते.

चष्म्याची घाई करू नका. नंबर स्थिर व्हायला चार ते सहा आठवडे जातात, त्याआधी केलेला चष्मा फुकट जातो. साधं भिंग बसवलं असेल तर लांबचं स्वच्छ दिसेल, पण पोथी वाचायला, तांदूळ निवडायला चष्मा लागेलच, त्याला ऑपरेशन फसलं म्हणू नये. दुसऱ्या डोळ्याची तारीख घेताना आई दिवसभर काय करतात ते डॉक्टरांना सांगा, भिंगाचा नंबर त्यावरून ठरवता येतो. तोपर्यंत दोन डोळ्यांच्या नंबरांत फरक राहील. जिना उतरताना माझी पायरी चुकायची, तेव्हा हात धरा. आणखी एक, घरात कोणा पुरुषाचं हे ऑपरेशन व्हायचं असेल आणि प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल, तर सर्जनला आधी सांगा. त्या गोळीने बाहुलीभोवतीचा रंगीत भाग सैल पडतो.

पुढे कधीतरी, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी, पुन्हा धूसर झालं तर मोतीबिंदू परत आला असं समजू नका. भिंगामागची ती पिशवी काही जणांत गढूळ होते. माझ्या पहिल्या डोळ्याची दोन वर्षांनी झाली. याग लेसरने तिला मधोमध झरोका पाडला, पाच मिनिटांत, बसल्या बसल्या. या सगळ्यात मी खरा लेसर पाहिला तो तेवढाच.

आणि स्वयंपाकघर. पहिला आठवडा तरी फोडणीपासून लांब ठेवा, धूर आणि उडणारी मोहरी दोन्ही नकोत. बसून भाजी चिरणं, पोळ्या लाटून देणं चालेल, मी चौथ्या दिवशी शेंगा सोलत होते. कुकर आणि पाण्याची बादली उचलणं, खाली वाकून केर काढणं पंधरा दिवस नको. डोक्यावरून अंघोळ डॉक्टर सांगतील तेव्हा, तोवर मानेखाली. केस धुवायचेच झाले तर खुर्चीत मागे मान टाकून तुम्ही धुवा. काजळ महिनाभर लावू नये.