जमैकात 'डीजे' म्हणजे गाणी लावणारा नव्हे, माइकवर बोलणारा, असं वाचलं. हे खरं आहे का? आणि यू-रॉय नावाच्या डीजेला तिथे एवढं का मानतात?

बरोबर वाचलंत. आपल्याकडे डीजे म्हटलं की आधी स्पीकरची भिंत आठवते, मग तिच्याआड उभा असलेला माणूस. जमैकात कामं वाटलेली आहेत. तबकडी निवडून लावतो तो सिलेक्टर, आणि वाजत्या संगीतावर माइक घेऊन बोलतो तो डीजे. स्पीकर, अँप्लिफायर, टर्नटेबल आणि सोबतची मंडळी असा सगळा लवाजमा म्हणजे साउंड सिस्टिम.

यू-रॉयचं खरं नाव युअर्ट बेकफर्ड. जन्म १९४२चा, किंग्स्टनच्या जोन्स टाउन वस्तीतला. घरातल्या एका लहानग्याला 'युअर्ट' म्हणता येईना, त्याचं यू-रॉय झालं. लोक त्याला डीजेंचा जनक म्हणतात, पण पहिला तो नव्हताच. १९५०च्या दशकात काउंट मचुकी दोन गाण्यांच्या मधल्या वेळात चटपटीत बोलून गर्दी खेळवायचा, आणि यू-रॉय त्यालाच ऐकून शिकला. किंग स्टिट या डीजेची तबकडीसुद्धा यू-रॉय गाजायच्या आधीची. मग एवढं कौतुक कशाचं?

मी काही वर्षं लाइव्ह साउंडची कामं केली आहेत, त्यामुळे मला हे उत्तर यंत्राच्या बाजूनं सुचतं. त्या काळी तिथे बरंचसं रेकॉर्डिंग दोन ट्रॅकवर व्हायचं. वाद्यं एका ट्रॅकवर, गळा दुसऱ्यावर. १९६०च्या दशकाच्या शेवटी स्पॅनिश टाउनच्या रडी रेडवुड या साउंड सिस्टिमवाल्यासाठी तबकडी कापताना, म्हणजे टेपवरचं गाणं तबकडीवर कोरताना, गायकाचा ट्रॅक चुकून राहून गेला. त्यानं ती तशीच लावली, तर समोरची गर्दीच गाणं म्हणायला लागली! अशा गळा गाळलेल्या गाण्याला पुढे 'व्हर्जन' म्हणू लागले. किंग टबी हा रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्त करणारा, तबकड्या कापणारा अवलिया. त्यानं त्यापुढची गंमत केली. गळा पूर्ण काढायचा नाही; एखादी ओळ येऊ द्यायची, मध्येच तोडायची, तिच्यावर एको सोडायचा. आणि या टबीच्या साउंड सिस्टिमवर माइक होता यू-रॉयकडे.

आता त्याचं 'वेअर यू टू द बॉल' ऐका. मूळ गाणं पॅरागॉन्स या त्रयीचं, १९६७चं, संथ आणि गोड. गायक प्रेयसीला म्हणतो, तुला नाचाला घेऊन जाईन. त्याची ओळ संपते न संपते तोच यू-रॉय मध्ये पडतो आणि तिलाच विचारतो, ऐकलंस का, काय म्हणाला तो? पुढे गायक परत येतो, हा थांबतो. गायक श्वास घेतो, हा सुटतो. मचुकीच्या काळी बोलणं गाण्याच्या आगेमागे असायचं. यू-रॉयनं गाण्याच्या पोटात शिरून त्याच्याशी संवाद मांडला, आणि तोही पहिल्या ठोक्यापासून शेवटच्यापर्यंत, तालात. किंकाळ्या आणि आरोळ्यासुद्धा बरोबर जागेवर. फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या खटक्यावर, बोट ठेवून बसणाऱ्याला कळतं की गळ्याच्या इतक्या जवळून जाऊन त्याला न झाकणं किती अवघड आहे.

१९६१पासून तो नाचाच्या मैदानांवर बोलत होता, म्हणजे तबकडीवर गाजायला जवळजवळ नऊ वर्षं गेली. पॅरागॉन्सच्या जॉन होल्टनं त्याला एका डान्सला ऐकलं आणि निर्माता ड्यूक रीडला सांगितलं. हा रीड माजी पोलीस, कमरेला पिस्तूल लावणारा. त्याचा स्टुडिओ बाँड स्ट्रीटवर, स्वतःच्याच दारूच्या दुकानाच्या वर. १९७०मध्ये तिथे 'वेक द टाउन', 'रूल द नेशन' आणि तिसरं 'वेअर यू टू द बॉल', अशी गाणी निघाली आणि तिन्हींनी जमैकाची लोकप्रिय गाण्यांची यादी काबीज केली. जुन्या गाण्यांच्या टेपांवर डीजेला बोलायला लावून पुन्हा कमाई होते म्हटल्यावर बाकीचे निर्माते कशाला मागे राहतील? डेनिस अल्कापोन, आय-रॉय, बिग यूथ असे डीजे पाठोपाठ आले.

१९७५चा 'ड्रेड इन अ बॅबिलॉन' हा व्हर्जिन कंपनीनं काढलेला अल्बम त्याला परदेशात घेऊन गेला. मला तो आवडतो, पण ड्यूक रीडकडची मजा त्यात नाही. मला जास्त भावतं ते हे, की नाव झाल्यावरही त्यानं स्वतःची साउंड सिस्टिम उभी केली. तिचं नाव 'स्टर-गाव', मुलांच्या नावांवरून ठेवलेलं. रँकिंग जो, जोसी वेल्स हे पुढच्या पिढीचे डीजे तिच्यावर तयार झाले. २००७मध्ये जमैका सरकारनं त्याला 'ऑर्डर ऑफ डिस्टिंक्शन' दिला. फेब्रुवारी २०२१मध्ये तो गेला.

ऐकायचं असेल तर आधी पॅरागॉन्सचं मूळ गाणं लावा आणि लगेच त्याच्यामागे यू-रॉयचं. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र नको, बेस ऐकूच येत नाही.