वेबसाइट आपोआप तपासणारी टेस्ट एकदा पास, एकदा फेल होते. स्लीप, म्हणजे टेस्टमधला ठरावीक सेकंदांचा थांबा, वाढवून भागेल का?

नाही, स्लीप काढूनच टाका. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून काम करतो. लाइन गेली की मोबाइलच्या नेटवर यावं लागतं आणि 3 सेकंदांचा स्लीप हमखास कमी पडतो. आमच्या कापूस खरेदीच्या फॉर्मची टेस्ट 'जतन करा' दाबून लगेच पावती क्रमांक वाचायची. सर्व्हरचं उत्तर यायच्या आत रकाना रिकामाच! सेलेनियम या ब्राउझर चालवणाऱ्या टूलमध्ये वेबड्रायव्हरवेट (अट पूर्ण होईपर्यंत थांबण्याची सोय) लावून रकान्यात क्रमांक येईपर्यंत थांबा. प्लेराइट या तशाच दुसऱ्या टूलचं टू-हॅव-टेक्स्ट हवा तो मजकूर आलाय का हे आपणहून 5 सेकंदांपर्यंत पुन्हापुन्हा तपासतं, फक्त त्याच्या आधीचं अवेट (निकाल येईपर्यंत थांबायला सांगणारा शब्द) विसरू नका. माझे दोन दिवस त्यातच गेले. पण दोन टेस्ट एकाच वेळी एकाच शेतकऱ्याची नोंद बदलत असतील, तर कितीही थांबून उपयोग नाही. प्रत्येक टेस्टला स्वतःची नोंद तयार करून द्या. मग प्लेराइटला रिपीट-ईच 50 देऊन, म्हणजे प्रत्येक टेस्ट 50 वेळा, चालवा.