गाजराच्या रसाने चष्मा जातो का?

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलीला गेल्या वर्षी चष्मा लागला, तिला दूरचे स्पष्ट दिसत नाही. नंबर उतरावा म्हणून तिची आजी तिला रोज सकाळी दोन पेले गाजराचा रस देते. नंबर आहे तेवढाच आहे, पण आता तिचे तळहात पिवळे दिसू लागले आहेत. ही कावीळ तर नसेल? गाजर बंद करावे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आधी तळहातांविषयी. गाजराला नारिंगी रंग देणारे बीटा-कॅरोटीन रोज मोठ्या प्रमाणात पोटात गेले, तर ते त्वचेत साठते आणि तळहात व तळपाय पिवळसर दिसू लागतात. काविळीत डोळ्यांचा पांढरा भागही पिवळा होतो, या प्रकारात तो पांढराच राहतो. मुलीचे डोळे दिवसाच्या उजेडात नीट पाहा. ते पिवळे वाटले, लघवी गडद होत असेल किंवा भूक मंदावली असेल, तर डॉक्टरांकडे नेण्यास उशीर करू नका. तसे काही नसेल, तर रस थांबवल्यावर हा रंग काही आठवड्यांत आपोआप उतरतो आणि त्यापासून अपाय होत नाही.

आता चष्म्याविषयी. शरीर बीटा-कॅरोटीनपासून 'अ' जीवनसत्त्व बनवते आणि अंधुक प्रकाशात दिसण्यासाठी दृष्टिपटलाला ते लागते; म्हणूनच त्याच्या अभावी रातांधळेपणा येतो. दूरचे न दिसण्याचे कारण मात्र निराळे आहे. त्यात बहुतेक वेळा नेत्रगोलाची लांबी वाढलेली असते, त्यामुळे प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते. ही लांबी कोणत्याही भाजीने कमी होत नाही, म्हणून चष्मा नियमित लावू द्यावा आणि ठरल्या वेळी नंबर तपासून घ्यावा. आजींची माया खरी आहे. त्यांना हे समजावून सांगताना गाजराला वाईट ठरवण्याची गरज नाही.

गाजर बंद करू नका, रस तेवढा बंद करा. रस गाळताना बराचसा चोथा, म्हणजे तंतूंचा मोठा भाग, टाकला जातो आणि एका पेल्यात तीन-चार गाजरांची साखर एकदम पोटात जाते. शिवाय बीटा-कॅरोटीन स्निग्ध पदार्थाच्या सोबतीने चांगले शोषले जाते, आणि गाजर शिजवल्याने किंवा बारीक किसल्याने त्याच्या पेशींची आवरणे मोकळी होऊन ते अधिक मिळते. आपली कोशिंबीर या दृष्टीने मला फार शहाणी वाटते : किसलेले गाजर, दाण्याचे कूट, लिंबू, मीठ, चिमूटभर साखर, कोथिंबीर आणि वरून मोहरी-हिंगाची फोडणी. मुलीला ती आवडत नसेल, तर थालीपिठाच्या पिठात गाजर किसून घाला किंवा मटार-गाजराची भाजी तेलावर परतून द्या. दिवसाला एक मध्यम गाजर तिला पुरेसे आहे.

प्रश्न : हलव्यासाठी लाल गाजर घ्यावे की नारिंगी?

उत्तर : हिवाळ्यात मिळणारे लाल गाजर घ्यावे. ते अधिक गोड आणि रसाळ असते, त्यामुळे साखर कमी लागते. त्याचा लाल रंग टोमॅटोतल्याच लायकोपीनचा असतो. मधला कडक पिवळा दांडा मात्र किसण्यापूर्वी काढून टाकावा.