पहिल्यांदा टेकडी चढताय? एवढं बघा

सुरुवात नागपूरजवळच्या रामटेकच्या टेकडीपासून करा भाऊ. पायऱ्या आहेत, वाट चुकत नाही, वरून अंबाळा तलाव दिसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. उजाडलं की निघा. मे महिन्यातली हौस सोडा.

पायऱ्या नसलेल्या टेकडीवर नवखे घसरतात ते उतरताना. सुटा मुरूम पायाखालून गोट्यांसारखा घरंगळतो. पाऊल आडवं टाका, गुडघा थोडा वाकवा, पावलं आखूड. चप्पल नकोच, तळ घासलेला बूटही तितकाच वाईट.

- पाणी माणशी दोन लिटर. अर्धं संपलं की माघारी फिरा, माथा राहिला तरी.
- गवताची कुसळं मोज्यात शिरतात, म्हणून फुलपँट मोज्यांवरून खाली सोडा.
- आग्यामोहोळ दिसलं तर धूर, अत्तर, आरडाओरडा बंद.
- वानरांसमोर डबा उघडू नका.

काठी, दोर, नकाशे नंतर.