बॅटरी फुगली, वॉरंटी संपली. दावा टिकेल का?

प्रश्न : पोर्टेबल म्युझिक प्लेअर घेऊन चौदा महिने झाले. वॉरंटी वर्षाची, बॅटरीवर सहाच महिन्यांची. आधी चार्ज भराभर उतरू लागला, मग चाळीस टक्के दिसत असतानाच प्लेअर बंद पडू लागला. आता मागचं झाकण फुगून वर आलंय. सर्व्हिस सेंटरवाले जॉबशीटवर ‘फिजिकल डॅमेज’ लिहून सही मागतायत. काय करू?

उत्तर : त्या शेऱ्याखाली नुसती सही करू नका. उद्या तोच कागद तुमच्यासमोर धरला जाईल. करावीच लागली, तर ‘प्लेअर पडलेला, भिजलेला वा उघडलेला नाही, शेरा अमान्य’ असं स्वतःच्या हाताने लिहून मग करा, आणि फोटो काढून ठेवा.

तुम्ही सांगितलेल्या तिन्ही लक्षणांचं वजन सारखं नाही. लिथियम-आयन बॅटरी वापराने झिजतेच. प्लेअर पूर्वीपेक्षा कमी तास चालतो, एवढ्यावर मी कुणाचीही केस घेणार नाही. चार्ज दिसत असताना बंद पडणं त्याहून बोलकं, पण तेही थकलेल्या बॅटरीत घडतं. फुगवट्याचं तसं नाही. आत वायू साठल्याशिवाय बॅटरी फुगत नाही, आणि चौदा महिन्यांत ते होणं नेहमीचं नव्हे. कंपनी म्हणेल, चुकीचा चार्जर वापरला, उन्हात ठेवला. म्हणून मूळ चार्जर आणि बिल जपून ठेवा.

वॉरंटी संपली म्हणजे हक्क संपला, हा समज दुकानदारांच्या सोयीचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात, आणि ती तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही करता येते. मात्र दोष मुळातला होता, हे तुम्हाला दाखवावं लागेल. बॅटरीतला दोष उशिरा उघड होऊ शकतो, याचं उदाहरण आहेच: २००५-०६ मध्ये विकलेले पहिल्या पिढीचे आयपॉड नॅनो बॅटरी तापण्याच्या धोक्यामुळे ॲपलने २०११ मध्ये परत मागवले होते.

आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. तेव्हा बॅटरीच हाताशी नसेल तर तपासणार काय? ‘काढलेली बॅटरी नष्ट करू नये’ असं सेंटरला ईमेलने कळवा. तोवर प्लेअर चार्जिंगला लावू नका, फुगवटा दाबू नका, उघडून तर मुळीच बघू नका. त्यात आगीचा धोका आहे आणि वर ‘ग्राहकाने छेडछाड केली’ हे उत्तर कंपनीला आयतं मिळेल. आडवा धरून फुगवटा दिसेल असा व्हिडिओ काढा, सीरियल नंबरसह.

बॅटरी पेटून कुणाला इजा झाली असती, तर उत्पादन-दायित्वाचा, म्हणजे सदोष वस्तूने केलेल्या हानीच्या भरपाईचा, वेगळा दावा लावता आला असता. फक्त प्लेअर बिघडला म्हणून तो लागत नाही, मानसिक त्रासाच्या मोठ्या भरपाईचीही आशा धरू नका. विक्रेता आणि कंपनी दोघांनाही पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्या, मागणी एकच ठेवा: बॅटरी मोफत बदला किंवा प्लेअर बदला. मोफत बदलून देतो म्हणाले तर घेऊन टाका, फक्त नव्या बॅटरीची वॉरंटी लेखी मागा.