मिशनचा पैसा आणि पाळकांची पत्रे

‘लोक मिशनला देत नाहीत, काय करू?’ पाळकांची पत्रे निरनिराळी, पण बहुतेकांचा सूर हाच; मिशन म्हणजे सुवार्ताप्रसारासाठी पाठवलेल्यांचे काम. काही प्रश्न एकदम घेतो.

प्र. : मिशनवर वर्षातून किती वेळा उपदेश करावा?
उ. : मिशनची आठवण फक्त थैली फिरवायच्या रविवारीच होत असेल, तर कितीही वेळा करा, उपयोग नाही.

प्र. : दशांशातून (उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्यातून) द्यावे की वेगळे अर्पण घ्यावे?
उ. : दोन्ही रीती आहेत. कमिटीत ठरवा आणि ठरेल ते लिहून ठेवा.

प्र. : आमच्या चर्चची मंडळी गरीब आहे. मागायला जीभ रेटत नाही.
उ. : मासेदोनियाच्या मंडळ्या कुठे श्रीमंत होत्या? बायबलमधले 2 करिंथ 8 वाचा. वर्गणी यरुशलेमेतल्या गरजूंसाठी होती; त्यात आपलाही वाटा असावा म्हणून त्या मंडळ्यांनीच प्रेषित पौलाला गळ घातली. इंग्लंडात केटरिंगला 2 ऑक्टोबर 1792 रोजी मिशनरी संस्था काढायला जमलेल्यांत बहुतेक साधे पाळकच होते. त्यांनी 13 पौंड 2 शिलिंग 6 पेन्स देण्याचे कबूल केले आणि त्या संस्थेने पुढच्या वर्षी मिशनरी विल्यम कॅरींना भारतात धाडले. मात्र कर्जात बुडालेल्या घराला भरीस घालू नका. आधी त्यांना भेटा.

प्र. : पाहुण्या वक्त्याने ‘शंभरपट परत मिळेल’ म्हणताच लोकांनी भरभरून दिले. पुन्हा बोलवावे का?
उ. : नको. मार्क 10:30 त्यांनी अर्धेच वाचलेले दिसते. त्याच वचनात छळाचाही उल्लेख आहे. तो सांगून थैली भरली असती का?

प्र. : मिशनचे पैसे तात्पुरते छपराला वापरले. हळूहळू भरून काढू. तेव्हापासून अर्पण घटले आहे. लोकांना सांगावे का?
उ. : म्हणजे लोकांना कळलेलेच आहे, तुम्ही सांगितले नाही एवढेच. ‘तात्पुरते’ या शब्दाची मला धास्ती आहे. तिकडे मिशनरीचे घरभाडे थकते आणि इकडे आपण औदार्यावर प्रवचने देतो! पौलासारख्या प्रेषितानेही वर्गणी एकट्याने हाताळली नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी नेमलेला बंधू दिला. का, तर कोणी दोष ठेवू नये म्हणून. देवासमोरच नव्हे, माणसांसमोरही चोख असावे म्हणून. मग तुम्ही-आम्ही कोण? मिशनचे खाते वेगळे ठेवा. पैसे दोघांनी मोजावेत, सही दोघांची असावी. किती जमले, कधी पाठवले, हे दर महिन्याला वाचून दाखवा. मिशनरीचे पत्रही वाचा, काम फसल्याचे असले तरी. आजच खजिनदाराला घेऊन लेखापरीक्षकाकडे जा. एका कारणासाठी दिलेला पैसा दुसरीकडे वळवणे कित्येक ठिकाणी कायद्यातही अडकते. त्यांचा सल्ला घ्या आणि येत्या रविवारी मंडळीला सांगा. सणानंतर नव्हे.

प्र. : देणाऱ्यांची यादी भिंतीवर लावावी का?
उ. : नाही. मत्तय 6:3 : उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये.

प्र. : व्हॉट्सअॅपवर एका मिशनरीचा फोटो आणि खाते क्रमांक आला आहे. ‘आजच पाठवा’ म्हणतात. ओळखीचे कोणी नाही.
उ. : एक पैसाही पाठवू नका. त्यांना कोणत्या मंडळीने पाठवले ते विचारा, तिच्या पाळकांचा नंबर स्वतः शोधून बोला आणि मागच्या वर्षीचा हिशेब मागवा.